बंदुकीची दारू आणि शंभर वर्षांची झाडं

समजा, तुमचं वय ३६ आहे. लग्न झालेलं नाही. एका बलाढ्य कंपनीच्या तिजोरीच्या किल्ल्या तुमच्या हातात आहेत आणि पै-पैचा हिशोब तुमच्याइतका काटेकोर कुणीच ठेवत नाही. अशात कानावर येतं, की घरापासून जेमतेम दहा-बारा मैलांवर एका शेतावरची शंभर वर्षांची झाडं कापायला निघाली आहेत. लाकूडवाल्याशी सौदाही झालाय. करवत यायचीच काय ती बाकी. तुम्ही काय कराल?

आपल्यापैकी बरेचजण हळहळतील. कुणी एखादी पोस्ट टाकेल, कुणी सह्या गोळा करेल. १९०६ च्या जुलै महिन्यात पिएर ड्यूपॉन्ट नावाच्या अमेरिकन माणसानं मात्र सरळ ते २०२ एकरांचं शेतच विकत घेतलं. झाडांसकट. आणि मग मित्राला कळवताना स्वतःचीच थट्टा केली, की पूर्वी आपण याला वेडाचा झटकाच म्हटलं असतं.

त्या शेताचं आजचं नाव लाँगवुड गार्डन्स. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, केनेट स्क्वेअर या गावाजवळ, ११०० एकरांवर पसरलेली ही बाग आज जगातल्या नामांकित उद्यानांमध्ये मोजली जाते. तिकीट काढायचं आणि आत जायचं, इतकं साधं. पण हे ‘इतकं साधं’ व्हायला दोन घराण्यांच्या पिढ्या, एक मोठा स्फोट, एक महायुद्ध आणि एका हिशोबी माणसाचं आख्खं आयुष्य लागलं. ती गोष्ट ऐका.

जुळ्या भावांचा नाद

आधी झाडं कुणी लावली ते बघू. हा मुलूख मूळचा लेनापे या आदिवासींचा. १७०० साली जॉर्ज पीअर्स नावाच्या क्वेकर शेतकऱ्यानं विल्यम पेनच्या प्रतिनिधींकडून इथली ४०२ एकर जमीन घेतली. (पिएर आणि पीअर्स ही नावं कानाला जुळी वाटतील, पण माणसं आणि घराणी अगदी वेगळी. घोळ करू नका.) क्वेकर म्हणजे साधी राहणी, युद्धाला विरोध आणि प्रार्थनेत शांत बसणं मानणारा ख्रिस्ती पंथ. १७३० मध्ये या कुटुंबानं विटांचं घर बांधलं. ते आजही बागेत उभं आहे.

पुढे याच घरात जोशुआ आणि सॅम्युएल हे जुळे भाऊ जन्मले. खानदानी शेतकरी, पण दोघांना नाद झाडांचा. १७९८ पासून त्यांनी घराजवळ झाडांचा संग्रह करायला सुरुवात केली. आपण बाग म्हणतो तसली फुलांची बाग नव्हे. इंग्रजीत त्याला आर्बोरेटम म्हणतात, आपण वृक्षोद्यान म्हणू. म्हणजे निरनिराळ्या जातींची झाडं मुद्दाम गोळा करून, ओळीनं लावून, वाढू द्यायची. त्यांच्याकडे पाण्यात पाय सोडून वाढणारा सायप्रस होता, काकडीसारखी फळं धरणारा मॅग्नोलिया होता, आणि चीनहून जगभर गेलेला जिंकोही होता, जो तेव्हा अमेरिकेत नवलाचा पाहुणा होता.

आता जरा विचार करा. मॅग्नोलियाचं रोप लावणारा माणूस त्याच्या भरगच्च सावलीत बसायला हयात असेलच असं नाही. या दोघांना ते ठाऊक असणारच. तरी वर्षानुवर्षं लावतच राहिले. १८५० पर्यंत त्यांचं वृक्षोद्यान १५ एकरांचं झालं होतं आणि देशातल्या उत्तम संग्रहांमध्ये त्याचं नाव घेतलं जात होतं.

पुढच्या पिढीतल्या जॉर्ज वॉशिंग्टन पीअर्सनं त्यात माणसांचा विचार केला. आसपासच्या गावकऱ्यांसाठी ही जागा ‘पीअर्सचं पार्क’ झाली. लोक डबे घेऊन यायचे, तळ्यात होड्या फिरवायचे, हिरवळीवर क्रोके खेळायचे. कुणाच्या खासगी मालकीच्या शेतात अख्ख्या पंचक्रोशीची सहल! हा जॉर्ज १८८० मध्ये गेला. त्यानंतरच्या वारसांना मात्र झाडांमध्ये रस उरला नाही. आपल्याकडेही वाडे असेच जातात ना? आजोबांचा जीव की प्राण, वडिलांचं कर्तव्य आणि नातवाच्या डोक्याला ताप. शेत या हातातून त्या हातात गेलं आणि १९०६ मध्ये लाकूडवाल्यापर्यंत पोहोचलं.

तीन जाड भिंती, एक कच्ची

आता वळूया पिएरच्या घराण्याकडे. तेही तिथून जवळच, डेलावेअर राज्यात विल्मिंग्टन शहराजवळ, ब्रँडीवाइन नावाच्या छोट्या नदीकाठी राहायचं. धंदा? बंदुकीची दारू.

ड्यूपॉन्ट कुटुंब फ्रान्सहून १८०० साली अमेरिकेत आलं. त्यातल्या इरेनेनं प्रवासाच्या कागदपत्रांत आपला व्यवसाय वनस्पतिशास्त्रज्ञ असा लिहिला होता. पण त्याच्याकडे दुसरीही एक विद्या होती. लाव्हाझिए या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली तो दारू बनवायला शिकला होता. १८०२ मध्ये त्यानं ब्रँडीवाइनकाठी कारखाना काढला. झाडांचं वेड आणि स्फोटांचा धंदा, दोन्ही या घरात पहिल्या दिवसापासून शेजारी-शेजारी नांदत होते.

या कारखान्यांची बांधणी बघण्यासारखी आहे. तीन बाजूंना जाडजूड दगडी भिंती आणि नदीकडची चौथी बाजू मुद्दाम कच्ची, वर हलकं छप्पर. का? तर स्फोट होणार हे गृहीतच धरलेलं. झाला, की त्याचा जोर नदीकडे निघून जावा आणि शेजारची इमारत वाचावी. आत काम करणाऱ्या माणसाचं काय, हे वेगळं सांगायला नको.

बंदुकीची दारू तीन गोष्टींची बनते: कोळसा, गंधक आणि सोरा. कोळसा नदीकाठच्या विलो झाडांचा. आणि सोरा? तो बराच काळ आपल्या भारतातून जायचा! बंगाल-बिहारच्या मातीतला सोरा ब्रिटिश जहाजांतून जगभर पोहोचायचा. पिएरचे वडील लॅमॉट ड्यूपॉन्ट यांचं नाव या सोऱ्याशी दोनदा जोडलं गेलंय. १८५७ मध्ये त्यांनी भारतीय सोऱ्याऐवजी दक्षिण अमेरिकेतला स्वस्त सोडियम नायट्रेट वापरून सुरुंगाची दारू बनवण्याचं पेटंट घेतलं. आणि अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा, १८६१ मध्ये, लिंकनच्या सरकारसाठी ते लंडनला गेले आणि तिथला भारतीय सोऱ्याचा साठा जमेल तेवढा खरेदी केला. इंग्रज सरकारनं मध्येच निर्यात रोखली, पण शेवटी माल सुटला.

गंमत म्हणजे त्याच काळात पीअर्सच्या पार्काशेजारी वेगळंच काही चाललं होतं. तिथे लाँगवुड नावाचं एक प्रार्थनागृह होतं. गुलामगिरीविरुद्ध उघडपणे बोलणारे पुरोगामी क्वेकर तिथे जमायचे. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना लपवून उत्तरेकडे पोहोचवणाऱ्या गुप्त वाटा याच परिसरातून जायच्या. १८६२ मध्ये या लोकांचं शिष्टमंडळ गुलामगिरी संपवा असा आग्रह धरायला थेट लिंकनला भेटलं. आजच्या बागेचं ‘लाँगवुड’ हे नाव त्या प्रार्थनागृहावरूनच आलंय. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चौदाव्या वर्षी ‘डॅड’

पिएर जन्मला १५ जानेवारी १८७० रोजी. सहा वर्षांचा असताना त्यानं फिलाडेल्फियाचं प्रचंड प्रदर्शन पाहिलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शंभरी साजरी करणारं. पोरं खाऊ आणि खेळण्यांकडे धावतात. हा पोरगा यंत्रांच्या दालनात पाणी उपसणारे पंप बघत राहिला. पाणी आणि यंत्र यांचं त्याला लागलेलं वेड तिथून कधीच सुटलं नाही.

वडिलांना नवनव्या गोष्टींचा ध्यास. डायनामाइटमध्ये भविष्य आहे हे त्यांनी ओळखलं, पण घरातली वडीलधारी मंडळी त्या धोक्याच्या मालाला बिचकत होती. मग लॅमॉटनं नदीपलीकडे न्यू जर्सीत स्वतंत्र कारखाना उभारला. २९ मार्च १८८४ रोजी तिथे नायट्रोग्लिसरीनचा स्फोट झाला. त्यात लॅमॉट गेले.

पिएर तेव्हा १४ वर्षांचा होता. घरातला थोरला मुलगा. खालोखाल लहान भावंडांची रांग. त्या दिवसानंतर भावंडांनी त्याला हाक मारायला जे नाव घेतलं ते आयुष्यभर चिकटलं: डॅड. चौदाव्या वर्षी तुम्ही काय करत होतात? नववीची चाचणी, क्लास, क्रिकेट. हा मुलगा घराचा कारभारी झाला होता. पुढे ज्याच्या हिशोबीपणाच्या आख्यायिका झाल्या, तो हिशोबीपणा गरजेतून आलेला होता.

१८९० मध्ये तो एमआयटीतून रसायनशास्त्र शिकून बाहेर पडला आणि घरच्या कंपनीत लागला. चुलत्याबरोबर काम करून १८९३ मध्ये धूर न होणाऱ्या दारूचं पेटंट मिळवलं. पण कंपनी म्हाताऱ्यांच्या ताब्यात होती आणि नव्याला वाव नव्हता. कंटाळून १८९९ मध्ये त्यानं नोकरी सोडली, घरची कंपनी सोडली, आणि ओहायोत जाऊन पोलाद, ट्रामचे रूळ, जमीन असल्या वेगळ्याच व्यवसायांचा पैसा सांभाळायला लागला. तिथे तो जमाखर्च शिकला. रसायनशास्त्र त्याला कॉलेजनं शिकवलं, पण पुढच्या आयुष्यात तो जिंकला ते या दुसऱ्या विद्येच्या जोरावर. ‘माझं शिक्षण एक आणि नोकरी भलतीच’ म्हणून खट्टू होणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

१९०२ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीचे प्रमुख वारले. उरलेल्या वडीलधाऱ्यांनी कंपनी प्रतिस्पर्ध्याला विकून मोकळं व्हायचं ठरवलं. तेव्हा कोलमन, आल्फ्रेड आणि पिएर हे तीन चुलतभाऊ पुढे झाले. किंमत ठरली १ कोटी २० लाख डॉलर. रोख रक्कम मात्र जवळजवळ शून्य! सगळं रोख्यांवर आणि शेअरवर. म्हणजे कंपनीनं पुढे कमवायचं आणि त्यातूनच तिची किंमत फेडायची. हे गणित मांडणारा डोकेबाज माणूस अर्थातच खजिनदार पिएर होता.

चारच वर्षांनी याच खजिनदाराच्या कानावर पीअर्सच्या झाडांची बातमी आली.

हिशोबात न बसणारी खरेदी

आता तुम्हीच सांगा, शंभर वर्षांच्या मॅग्नोलियाचा परतावा किती टक्के? पिएरचं सगळं डोकं याच प्रश्नावर चालायचं. गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे किती मिळालं हे मोजण्याची जी पद्धत आज एमबीएच्या पहिल्या वर्षी शिकवतात, ती मोठ्या उद्योगात रुजवणाऱ्या कंपन्यांमध्ये ड्यूपॉन्ट पहिल्या रांगेत होती. असा माणूस झाडांसाठी शेत घेतो, तेव्हा त्यानं ते का घेतलं हे त्याचं त्यालाही कोडं पडलं असेल तर नवल नाही.

पण एकदा शेत घेतल्यावर तो गप्प बसला नाही. १९०७ मध्ये त्यानं पहिली बाग आखली: ६०० फूट लांबीची वाट आणि दोन्ही बाजूंना जुन्या वळणाची फुलझाडं. स्वतःच आखली. बागरचनेचा नामांकित तज्ज्ञ बोलावला नाही. १९१४ मध्ये खुलं नाट्यगृह झालं, इटलीत पाहिलेल्या एका बागेवरून सुचलेलं. रंगमंचाच्या जमिनीतूनच कारंजी उसळायची. १९१५ मध्ये, ४५ व्या वर्षी, त्यानं नात्यातल्या अ‍ॅलिस बेलिनशी लग्न केलं. अ‍ॅलिसला ऐकू कमी यायचं. दोघांना मूल झालं नाही. बाग मात्र वाढत राहिली.

१९२१ मध्ये काचेचं भव्य हरितगृह उघडलं. बाहेर बर्फ आणि आत संत्र्याची झाडं! तिथेच पुढे १९३० मध्ये १०,०१० नळ्यांचा अवाढव्य ऑर्गन बसला. आणि सहा वर्षांच्या पोराचं ते पंपांचं वेड? १९३१ मध्ये मुख्य कारंजं सुरू झालं. मिनिटाला १०,००० गॅलन पाणी, १३० फुटांपर्यंत उडणारे झोत आणि त्यांवर रंगीत दिवे. तेच पाणी पंपांनी पुन्हा पुन्हा फिरवायची सोय. फिलाडेल्फियाच्या त्या दालनात उभा राहिलेला मुलगा आता साठी ओलांडलेला होता, आणि त्याच्याजवळ स्वतःचं यंत्रघर होतं.

हे सगळं तो एकटा बघत बसला का? नाही. पीअर्सांनी गावाला लावलेली सवय त्यानं मोडली नाही. बाग आणि हरितगृह लोकांना बघायला खुलं राहिलं. घर त्याचं, पण फाटक बंद नाही.

पैसा आला कुठून?

इथे थांबून एक अवघड प्रश्न विचारायलाच हवा. एवढा पैसा आला कुठून?

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ड्यूपॉन्ट अमेरिकेतली सगळ्यांत मोठी स्फोटकं बनवणारी कंपनी होती. १९१५ मध्ये पिएर तिचा अध्यक्ष झाला. दोस्त राष्ट्रांनी त्या युद्धात वापरलेल्या स्फोटकांपैकी सुमारे ४० टक्के या कंपनीनं पुरवली. नफा किती झाला असेल, अंदाज करा. याच काळात घरात फूट पडली. कोलमनचे शेअर पिएरनं आल्फ्रेडला अंधारात ठेवून घेतले, म्हणून एकत्र कंपनी विकत घेणारे भाऊ कोर्टात समोरासमोर उभे राहिले. लहान भावंडांचा प्रेमळ ‘डॅड’ धंद्यात किती थंड डोक्याचा होता हे यावरून कळतं.

युद्धातला पैसा त्यानं जनरल मोटर्समध्ये घातला. १९२० मध्ये ती कंपनी डबघाईला आली तेव्हा तिचं अध्यक्षपद स्वीकारलं, तिची घडी बसवली आणि १९२३ मध्ये सूत्रं आल्फ्रेड स्लोनच्या हाती दिली. संचालक मंडळाचं प्रमुखपद मात्र त्याच्याकडे १९२९ पर्यंत होतं. म्हणजे १९२८ मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईत मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला, तेव्हा वर सर्वांत उंच खुर्चीवर हेच महाशय बसले होते. आपल्या आजोबा-पणजोबांनी मुंबईच्या रस्त्यांवर पाहिलेल्या शेव्हरोले गाड्यांचा लाँगवुडच्या झाडांशी असा दूरचा संबंध आहे!

१९३४ मध्ये अमेरिकी सिनेटनं युद्धातल्या नफेखोरीची चौकशी केली. पिएर आणि त्याच्या भावांना समितीसमोर बसून उत्तरं द्यावी लागली. वर्तमानपत्रांत त्यांना मृत्यूचे व्यापारी म्हटलं गेलं. त्यांचं म्हणणं असं, की देशाला आणि मित्रदेशांना माल हवा होता, आम्ही तो वेळेवर दिला. दोन्ही बाजू वाचा आणि तुमचं मत तुम्ही बनवा. पण एवढं खरं, की त्या हरितगृहाच्या काचांमध्ये युरोपातल्या खंदकांचं प्रतिबिंब आहे. बाग सुंदर आहे म्हणून ते पुसलं जात नाही. आणि ते आहे म्हणून झाडं वाईट ठरत नाहीत.

दारूवरून आठवलं. पिण्याच्या दारूवर अमेरिकेत बंदी होती, ती उठवण्याच्या चळवळीतही पिएर आघाडीवर होता. १९३३ मध्ये बंदी उठली. हेतू अगदी निर्मळ होता असं समजू नका. दारूवरचा कर आला की आपला प्राप्तिकर कमी होईल, असाही हिशोब त्यात होता. माणूस शेवटी खजिनदारच!

शाळा बांधल्या, भिंत राहिली

पिएरनं झाडांवर खर्च केला तसाच शाळांवर केला. आणि माझ्या मते त्याच्या आयुष्यातला हा भाग बागेपेक्षाही जास्त विचार करायला लावणारा आहे.

डेलावेअरमध्ये तेव्हा गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे बराच काळ काळ्या मुलांच्या शाळा फक्त काळ्या लोकांकडून जमा झालेल्या करावर चालायच्या. गरिबांच्या करातून गरीब शाळा. पडक्या, गळक्या, एका खोलीच्या. १९१९ नंतरच्या काही वर्षांत पिएरनं स्वतःचे लाखो डॉलर खर्चून काळ्या मुलांसाठी ८० हून अधिक नव्या शाळा बांधल्या. उजेड येईल अशा खिडक्या, धड छप्पर, धड बाक. पुढे राज्याचा कर-आयुक्त म्हणून बसला तेव्हा बड्या लोकांकडूनही कर नीट वसूल केला, कारण तो पैसा शाळांना जायचा.

कौतुक करायलाच हवं. पण एक गोष्ट त्यानं केली नाही. वेगळ्या शाळा चांगल्या केल्या, त्या वेगळ्या का, हा प्रश्न सोडवला नाही.

लाँगवुडपासून थोड्याच अंतरावर हॉकेसिन नावाचं गाव आहे. तिथे काळ्या मुलांसाठी १९२० मध्ये पिएरच्या पैशातून बांधलेली शाळा होती. साधारण तीस वर्षांनंतर तिथे शर्ली बुलाह नावाची चिमुरडी शिकत होती. गोऱ्या मुलांची स्कूल बस तिच्या दारावरून जायची, पण तिला घ्यायची नाही. तिची आई सारा हिनं आधी फक्त बस मागितली. मिळाली नाही. मग ती कोर्टात गेली, आणि तिथे प्रश्न बसपुरता उरला नाही. १९५२ मध्ये डेलावेअरच्या न्यायाधीशांनी शर्लीला गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश द्या असा निकाल दिला. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि इतर राज्यांतल्या खटल्यांबरोबर ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या नावाने ऐतिहासिक ठरलं. १७ मे १९५४ रोजी कोर्टानं सांगितलं, की वेगळ्या शाळा घटनेला धरून नाहीत.

पिएर ड्यूपॉन्ट एप्रिल १९५४ मध्ये, ८४ व्या वर्षी वारला होता. म्हणजे निकालाच्या जेमतेम सहा आठवडे आधी. त्यानं बांधलेल्या चांगल्या शाळेतून निघालेल्या एका आईनं त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. लाँगवुड हे नाव ज्या प्रार्थनागृहावरून आलं, तिथल्या लोकांना हे पाऊल नक्कीच ओळखीचं वाटलं असतं.

तिसरं काम

पुन्हा झाडांकडे येऊ. पिएरला एक गोष्ट पक्की कळली होती, आणि ती पीअर्स घराण्याकडे बघून कळली असावी. झाडं शंभर-दोनशे वर्षं जगतात, माणसाचं प्रेम एक-दोन पिढ्या टिकतं. जुळ्या भावांनी जीव ओतला, पुढच्या पिढीपर्यंत ते पुरलं, आणि मग एका सह्यांच्या कागदावर सगळं लाकडाच्या भावात निघालं. आपल्यानंतर काय? अ‍ॅलिस १९४४ मध्ये गेली. मूलबाळ नाही. भाचे-पुतण्यांवर सोडावं तर पुन्हा तीच गोष्ट.

मग खजिनदारानं खजिनदाराचा उपाय काढला. १९३७ मध्ये त्यानं लाँगवुड फाउंडेशन स्थापन केलं होतं. १९४६ मध्ये बाग त्याच्या हवाली केली, केवळ लोकांसाठी चालवायची म्हणून. सोबत भरभक्कम निधी ठेवला, ज्याच्या उत्पन्नावर माळी, पाणी, काचा, पंप सगळं चालेल. तो गेल्यानंतर १९५५ मध्ये बागेला पहिला संचालक मिळाला. मालक गेला, पण बागेला एका दिवसाचंही सुतक लागलं नाही.

बघा, झाडाच्या बाबतीत तीन कामं असतात. पहिलं, झाड लावणं. त्याचा फोटो निघतो. दुसरं, झाड वाचवणं. त्याची बातमी होते. तिसरं काम म्हणजे आपण नसताना त्याचं काय होईल याची कागदोपत्री आणि पैशानिशी सोय लावून ठेवणं. त्याचा ना फोटो निघतो ना बातमी होते. ते भयंकर कंटाळवाणं असतं. पण पीअर्स बंधूंची झाडं १९०६ मध्ये मरणाच्या दारात गेली ती या तिसऱ्या कामाअभावी, आणि आज उभी आहेत तीही त्याच कामामुळे.

ती व्यवस्था अजून चालू आहे. १९३१ ची कारंजी जुनी झाली तेव्हा मोठी दुरुस्ती करून २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०२४ मध्ये नवं हरितगृह उघडलं. आणि तुमच्या कामाची माहिती: या बागेत १९७० पासून व्यावसायिक माळीकाम शिकवणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो, शिकवणीचं शुल्क न घेता. झाडावर दोर बांधून चढण्यापासून मातीची परीक्षा करण्यापर्यंत सगळं हातानं करून शिकायचं. माळीकामाला करिअर म्हणायला आपण अजून कचरतो. तिथे त्यासाठी रांग लागते.

तुमच्या कॉलेजच्या आवारात एखादा जुना वड, चिंच किंवा शिरीष असेलच. त्याच्या पारावर तुमच्या किती सबमिशन्स पूर्ण झाल्या असतील, किती प्रेमप्रकरणं सुरू झाली आणि संपली असतील. कधी एकदा ऑफिसात जाऊन विचारा, की हे झाड कुठल्या नोंदीत आहे, त्याची जबाबदारी कुणाच्या नावावर आहे आणि नव्या इमारतीच्या नकाशात ते दाखवलंय की नाही. क्लार्क जरा चमत्कारिक नजरेनं बघेल. बघू दे. पिएरलाही लोकांनी वेड्यातच काढलं असणार, आणि त्याआधी त्यानं स्वतःच काढलं होतं.

पीअर्स बंधूंच्या काळातली काही झाडं लाँगवुडमध्ये आजही उभी आहेत. वय दोनशेच्या पुढे. दर वर्षी शरद ऋतूत जिंकोची पानं पिवळीधमक होतात आणि गळून पडतात. खालून जाणाऱ्या पाहुण्याला करवत किती जवळ आली होती हे ठाऊक नसतं. तुम्हाला आता ठाऊक आहे.